मनोती आणि गहाणखत

मनोती हा शब्द आजच्या सुशिक्षित मराठी कुटुंबांत बहुधा कोणाच्या तोंडी ऐकू येत नाही. एकोणिसाव्या शतकातील सावकारीचे कागद ज्यांनी चाळले असतील त्यांस मात्र तो चांगला परिचित असतो. कर्ज देताना ठरलेल्या व्याजाखेरीज सावकार मुद्दलातून आरंभीच जी रक्कम कापून घेई, तिला मनोती म्हणत. खत शंभराचे लिहावयाचे, कुळाच्या पदरात पंचाण्णव टाकावयाचे, आणि व्याज मात्र पुऱ्या शंभरावर चालवावयाचे, अशी तिची रीत होती. तिच्या जोडीला नाण्याचा बट्टा असे, कागदाचा खर्च असे, खत लिहिणाऱ्याची लिहिणावळ असे. आणि हे सारे ऋणकोच्याच माथी पडे.

या रिवाजाचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, खत १०० रुपयांचे, मुदत एक वर्षाची आणि व्याज दरमहा शेकडा दोन. मनोतीचे ५ आणि कागद व लिहिणावळ मिळून ३ वजा जाता कुळाच्या हाती आले ९२. वर्ष सरताच त्याने १२४ भरले. बोलण्यात दर झाला शेकडा २४. परंतु ९२ रुपये वापरण्याबद्दल त्याने ३२ रुपये दिले, म्हणजे खरा दर झाला जवळजवळ ३५. मधल्या अकरांचा उल्लेख बोलणी चालली असता कोणी करीत नाही. कर्जाची किंमत व्याजाच्या दराने कळते, ही समजूत किती अपुरी आहे, हे एवढ्या एका उदाहरणावरून दिसून येईल. गहाणखताचा इतिहास वाचताना आम्हांस वारंवार असे आढळले आहे की, धनको आणि ऋणको यांच्यामधील खरी झटापट दरापेक्षा दराबाहेरच्या आकड्यांवरच अधिक झालेली आहे.

सरकारने दर बांधून दिला की हे आकडे विशेष फुगतात. एल्फिन्स्टनसाहेबाच्या कारकीर्दीअखेर, १८२७ साली, मुंबई इलाख्यासाठी जे कायदे झाले त्यांत न्यायकोर्टांतून मिळणाऱ्या व्याजास शेकडा १२ ची मर्यादा घालण्यात आली होती. हेतू स्तुत्य होता. परंतु ज्याला बाराच्या दराने पैसा द्यावयाचा नाही, त्याला खतात बाराच लिहून शंभराऐवजी नव्वद देण्यापासून कोण अडविणार? नव्वद देऊन एकशे बारा घेतले की दर साडेचोविसाच्या घरात जातो, आणि खत मात्र कायद्याच्या दृष्टीने निष्कलंक राहते. १८५५ साली ही मर्यादा सबंध हिंदुस्थानात उठली आणि व्याजाचा दर उभयतांच्या करारावर सोडण्यात आला. मर्यादा गेली म्हणून मनोती काही गेली नाही. एकदा हाताला लागलेली सोय कोण सोडतो? हिंदू धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मागावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये हा, इकडील न्यायकोर्टे पाळीत असत खरी. पण मुद्दल म्हणजे किती, हे खतावरच्या आकड्यावरून ठरत असल्यामुळे त्या नियमाचीही धार बोथट होई.

आता गहाणाकडे वळू. आपल्याकडे त्याचे तीन प्रकार विशेष चालत. जमीन किंवा घर ऋणकोच्याच वहिवाटीत राहून नुसते तारण लिहून दिले तर ते नजरगहाण. मिळकतीचा कबजा सावकाराकडे जाऊन तिच्या उत्पन्नातून व्याज फिटावयाचे तर ते ताबेगहाण. आणि अमुक मुदतीत पैसे न फिटल्यास गहाण तीच खरेदी समजावी, अशी अट असली तर ती मुदतखरेदी. तिसरा प्रकार सर्वांत घातक. त्यात मुदतीचा एक दिवस चुकला की घर जाई, आणि खत वाचता न येणाऱ्यास त्या दिवसाची वार्ता बहुधा कोर्टाच्या बेलिफाकडूनच कळे.

खताची ही नवी ताकद रयतेच्या प्रत्ययास कशी आली, याचे एक उदाहरण १८७४ सालच्या अखेरीस पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, कर्डे गावी घडले. तेथील बाबासाहेब देशमुख या प्रतिष्ठित घराण्यातील गृहस्थांचे राहते घर दीडशे रुपयांच्या व्यवहारावरून सावकाराच्या हाती गेले. देशमुखांनी जागेचे भाडे देऊ केले. परंतु सावकाराने काही एक न ऐकता घर पाडण्यास आरंभ केला. या प्रकाराने गाव खवळले आणि सावकारांशी सर्व व्यवहार बंद करण्याची चळवळ त्या भागात पसरली. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी जमाव उठला, आणि थोड्याच दिवसांत पुणे व नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावी ते लोण पोहोचले. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते, रोखे व हुकूमनामे यांची मागणी होई. ते मुकाट्याने हवाली झाले तर बहुतेक ठिकाणी मारहाण होत नसे. आणि हाती आलेल्या कागदांची चौकात होळी होई. जमिनीचा वाढलेला सारा, अमेरिकेतील यादवी संपताच १८६५ नंतर उतरलेला कापसाचा भाव, अशी या दंग्यांची इतर कारणे इतिहासकारांनी दिलेली आहेत व ती खरीही आहेत. तथापि ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे हे आपणांस ठाऊक नव्हते, ही तक्रार चौकशीमंडळापुढे रयतेने पुनःपुन्हा मांडली, ती इतर कारणांच्या गर्दीत बुजून जाऊ नये.

या अज्ञानात सरकारच्याच एका सुधारणेने भर टाकली होती, ही मोठी विलक्षण गोष्ट होय. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने, नोंदणी न झालेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे, असे ठरविले. व्याज साठत जाऊन कर्ज अवाढव्य होऊ नये, हा त्यातील उद्देश. झाले ते उलट. तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा करून घेई. जुने मुद्दल व थकलेले व्याज यांची बेरीज हेच नवे मुद्दल होई. आणि प्रत्येक नव्या रोख्याबरोबर कागदाचा खर्च व मनोती ही नव्याने लागू होत. शंभराचे कर्ज एकही नवा पैसा हाती न घेता दोन-तीन फेऱ्यांत दुप्पट कसे होई, ते यावरून कळेल. पावती देण्याची चाल नव्हती, आणि फिटलेला रोखा परत मिळेलच याची शाश्वती नव्हती.

या पार्श्वभूमीवर १८७९ चा दख्खन शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी केलेला हा कायदा आमच्या मते त्या शतकातील अत्यंत लक्षणीय कायद्यांपैकी एक होय. त्याचा गौरव बहुधा असा केला जातो की, त्याने कर्जापायी होणारी कैद बंद केली व हप्तेबंदीची सोय केली. हे खरेच आहे. पण आमचे लक्ष त्यातील दुसऱ्याच काही कलमांकडे वेधते. खतात आकडा काय लिहिला आहे एवढ्यावर न थांबता, व्यवहाराच्या आरंभापासूनची हकीकत काढून मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगवेगळा मांडण्याचा अधिकार त्याने न्यायाधीशास दिला. आणि साठलेले व्याज मुद्दलात मिळविले असल्यास, ते वाजवी वाटल्याखेरीज हिशेबात धरू नये असे सांगितले. खताच्या पाठीमागे जाऊन पाहण्याची ही मुभा तोवरच्या कोर्टांच्या वळणास अगदी अपरिचित होती. कागद म्हणजे पुरावा, आणि पुरावा म्हणजे सत्य, अशी जी सरळ पायरी न्यायाधीश चढत असत, तिच्यावर या कलमाने त्यांस क्षणभर उभे केले.

त्याहूनही मनोरंजक योजना गावच्या रजिस्ट्रारची. शेतकऱ्याचे खत या अधिकाऱ्याने स्वतः लिहावे किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवावे. लिहून झाल्यावर ते मोठ्याने वाचून दाखवावे. खतात मोबदला पुरतेपणी नमूद करवावा. आणि ती रक्कम, सगळी किंवा काही अंशाने, आपल्या डोळ्यांदेखत दिली गेली की नाही याचा शेरा खतावर मारावा, असे त्या कायद्यात होते. शिवाय कुळाने मागितल्यास लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक देण्याची जबाबदारी सावकारावर टाकली होती. आता या योजनेचे मर्म पाहा. कायद्याने येथे दर बांधला नाही, मनोती मना केली नाही. खतात शंभर लिहिले आणि पुढ्यात नव्वदच मोजले गेले, तर तेवढे कागदावर उतरले पाहिजे, एवढाच त्याचा आग्रह. पूर्वीच्या अनुभवाने सरकार थोडे शहाणे झाले होते असे दिसते.

या कायद्याने सगळे सुरळीत झाले, असे मात्र कोणी समजू नये. पुष्कळ सावकारांनी गहाणाचे नावच टाकून उघड खरेदीखते करून घेण्यास सुरुवात केली, आणि परत देण्याचा करार तोंडी ठेविला. तेव्हा ही खरेदी वस्तुतः गहाण आहे, हे तोंडी पुराव्याने दाखविण्याची सवलत कायद्यास पुढे द्यावी लागली. शिवाय ज्याला पेरणीसाठी उद्याच पैसा हवा आहे, त्याच्यापुढे खत कितीही मोठ्याने वाचले तरी तो नाही कशाने म्हणणार? ऐकणे आणि नाकारता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीवर १८७९ च्या कायद्याजवळ औषध नव्हते.

ही अडचण इंग्लंडातील न्यायाधीशांनी फार पूर्वी ओळखली होती. १७६२ साली व्हर्नन विरुद्ध बेथेल या गाजलेल्या खटल्यात लॉर्ड हेनली यांनी असा अभिप्राय दिला की, गरजेत सापडलेला मनुष्य मुळी स्वतंत्रच नसतो, आणि तात्कालिक निकड भागविण्यासाठी तो समोरच्या कोणत्याही अटी पत्करतो. म्हणून तेथील चॅन्सरी कोर्टाने एक तत्त्व रूढ केले : गहाण हे शेवटपर्यंत गहाणच राहावे, आणि कर्ज फेडून मिळकत मोकळी करून घेण्याच्या हक्काला कोणत्याही अटीची आडकाठी असू नये. आपल्याकडे १८८२ च्या मिळकत-हस्तांतरणाच्या कायद्यातील साठावे कलम याच तत्त्वाचे अपत्य आहे. मुंबई इलाख्यास तो कायदा १८९३ पासून लागू झाला. या संबंधात १९०२ सालचा नोक्स विरुद्ध राइस हा खटला आम्ही वर्गात आवडीने सांगत आलो आहोत. एका मद्यगृहाच्या मालकाने मद्य तयार करणाऱ्या कंपनीकडून गहाणावर कर्ज काढले. कर्ज फिटल्यानंतरही गुत्त्यातील माल त्याच कंपनीचा विकला पाहिजे, अशी अट खतात होती. कर्ज फेडल्यावर ती अट उरू शकत नाही, असा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. कर्जाबरोबर दुसरी खरेदी गळ्यात बांधण्याची ही युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

शेतजमिनीकडून शहरातील घराकडे गहाणाचा मोर्चा वळला तो विसाव्या शतकात. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. मध्यमवर्गाने एकत्र येऊन घरे बांधण्याच्या आपल्या इलाख्यातील आरंभीच्या यशस्वी प्रयत्नांत तिची गणना होते. परंतु पगारदार माणसाने वीस वर्षांच्या हप्त्यांवर घर घ्यावे, ही कल्पना घरोघर रुजली ती हसमुखभाई पारेख यांनी १९७७ साली एचडीएफसी स्थापन केल्यानंतर. यात एक फरक असा झाला की, गहाणाचा विधी जवळजवळ अदृश्य झाला. घराच्या मालकीचे मूळ कागद पेढीच्या स्वाधीन केले की तेवढ्याने गहाण सिद्ध होते. मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांतील व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी कायद्यात ठेविलेली ही पद्धत आज गृहकर्जांत सर्रास चालते. तिच्यात मोठ्याने वाचून दाखविण्यासारखे असे खत कित्येकदा नसतेच. असते ती सह्यांची चळत. आमचे एक सहकारी प्राध्यापक, ज्यांनी उभ्या आयुष्यात विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका दोनदा वाचल्याखेरीज गुण दिले नाहीत, ते एका पेढीत अर्ध्या तासात चाळीसएक सह्या करून आले. कशाकशावर केल्या, असे विचारता म्हणाले, “जेथे जेथे पेन्सिलीची फुली होती तेथे.”

त्या फुल्यांच्या आसपास काय काय असते, ते थोडे पाहू. अर्ज हाताळण्याचे प्रक्रियाशुल्क असते आणि त्यावर शेकडा १८ वस्तू व सेवा कर. मालकीहक्काची तपासणी करणाऱ्या वकिलाची फी आणि घराची किंमत ठरविणाऱ्याची फी असते. कागद ठेवून घेण्याच्या लेखावर मुद्रांकशुल्क असते, आणि महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे दाखल करावी लागते तिचा खर्च असतो. आणि विमा असतो. कर्जदाराच्या आयुष्याचा, कधी घराचा. पन्नास लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत, दर शेकडा साडेआठ असे धरले तर मासिक हप्ता सुमारे ४३,३९१ रुपये पडतो. प्रक्रियाशुल्क अर्धा टक्का, म्हणजे २५,००० आणि त्यावरील कर ४,५०० असे २९,५०० आरंभीच गेले, तर खरा दर साडेआठाचा आठ पूर्णांक अठ्ठावन्न शतांश होतो. हे फार वाटणार नाही. परंतु तेच कर्ज तीन वर्षांनी दुसऱ्या पेढीकडे नेले तर ते २९,५०० वीस वर्षांवर न पसरता तीनच वर्षांवर पसरतात, आणि नव्या पेढीचे शुल्क पुन्हा पहिल्यापासून. १८५९ नंतरच्या रोख्यांच्या फेऱ्या येथे आठवाव्यात.

विम्याची गोष्ट याहून नाजूक. दीड लाखांचा एकरकमी हप्ता रोख न मागता कर्जातच मिळविला, म्हणजे तो भरल्यासारखा वाटतच नाही. वस्तुतः त्यामुळे मासिक हप्ता सुमारे १,३०२ रुपयांनी वाढतो, आणि वीस वर्षांत त्या दीड लाखांचे ३ लाख १२ हजारांवर भरावे लागतात. विमा वाईट असे आम्ही म्हणत नाही. कर्त्या माणसाच्या मागे घर राहावे ही इच्छा रास्तच आहे. परंतु तो विमा अन्यत्र, दर वर्षाच्या हप्त्याने, काय किमतीस मिळतो, याची चौकशी सहीपूर्वी करता येते, सहीनंतर नाही. लंडनच्या मद्यगृहवाल्याला कंपनीचा माल कर्ज फिटल्यावर तरी टाळता आला. येथे माल आधीच विकत घेऊन झालेला असतो.

गेल्या काही वर्षांत रिझर्व्ह बँकेने या विषयात जे नियम केले, ते वाचताना १८७९ च्या कायद्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ५ जून २०१२ रोजी तिने बदलत्या दराच्या गृहकर्जांवर व्यक्तींकडून मुदतपूर्व फेडीचा आकार घेण्यास बँकांना मनाई केली. फेडण्याच्या हक्काला आडकाठी नको, हे चॅन्सरीचेच तत्त्व. १८ ऑगस्ट २०२३ च्या आदेशाने, हप्ता चुकल्याबद्दलचा दंड व्याजाच्या दरात मिसळू नये व त्या दंडावर पुन्हा व्याज चढवू नये, असे ठरले. साठलेले व्याज मुद्दलात घालण्याविषयीच्या जुन्या कलमाचे हे भावंडच. २९ एप्रिल २०२४ च्या पत्रकात तर तपासणीत आढळलेले काही प्रकार दिले आहेत : पैसा हाती पडण्यापूर्वी, मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासूनच व्याज लावणे, धनादेशावर एक तारीख घालून तो कित्येक दिवसांनी कर्जदाराच्या हाती देणे, एखाददुसरा हप्ता आधीच कापून घेऊन व्याज मात्र सगळ्या रकमेवर आकारणे. या शेवटल्या प्रकारास सुप्याच्या बाजारातील कोणत्याही कुळाने नाव अचूक सांगितले असते.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आदेश १५ एप्रिल २०२४ चा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदतकर्जांत, करार होण्यापूर्वी कर्जदारास मुख्य तथ्यांचे एक विवरणपत्र दिले पाहिजे. ते त्याला समजणाऱ्या भाषेत असावे, त्यातील मजकूर त्यास समजावून सांगावा, आणि तसे केल्याची त्याची पोच घ्यावी. सर्व आकार धरून होणारा वार्षिक दर त्यात एका आकड्यात दाखवावा लागतो; विमा किंवा वकील यांच्यासाठी पेढीने वसूल केलेली रक्कमही त्या आकड्यात येते. जो आकार त्या पत्रात नाही, तो कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे मागता येत नाही. मुदत सात दिवस किंवा त्याहून अधिक असेल तर विचारासाठी निदान तीन कामाचे दिवस द्यावे लागतात, आणि तोवर त्या अटी पेढीवर बंधनकारक राहतात.

हे तीन दिवस म्हणजे १८७९ च्या योजनेत जे नव्हते तेच होय. गावचा रजिस्ट्रार खत वाचून दाखवी, पण ऐकणारा लागलीच अंगठा उठवी. आज घराच्या कर्जासाठी पेढीत जाणारा गृहस्थ सहसा उद्याच्या पेरणीसाठी अडलेला नसतो. त्याची घाई पुष्कळदा बिल्डरच्या तारखेची, मुहूर्ताची किंवा नुसत्या संकोचाची असते. समोरचा कारकून भला आहे, त्याने चहा मागविला आहे, मग त्याला आकड्यांचा अर्थ काय विचारावा? आमच्या मध्यमवर्गाची ही भीड आम्हांस निरक्षरतेहून अधिक खर्चाची वाटते. ते पत्र घरी आणावे. घरात हिशेबात जो चोख असेल, मग ती सून असो की आजोबा, त्याच्यापुढे ते ठेवावे. वार्षिक दर आणि व्याजाचा दर यांत अंतर किती ते पाहावे. आणि ते अंतर कोणकोणत्या आकारांनी बनले आहे, हे पेढीस लेखी विचारावे.

आणखी एक आदेश सांगून पुरे करतो. सगळे कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद तीस दिवसांच्या आत परत दिले पाहिजेत, आणि पेढीच्या कसुरीने उशीर झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी फर्माविले. १ डिसेंबर २०२३ पासून ते अमलात आले. सुप्याच्या बाजारात १८७५ साली लोकांनी दुकानांच्या दारांशी उभे राहून जे मागितले होते, ते हेच कागद.